सावित्रीच्या मुखाशी कासवं

महाड-पोलादपूरला समुद्र नाही, पण समुद्राशी नातं मात्र आहे. महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. या मुखाच्या दक्षिणेला वेळासचा किनारा. तिथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून १००च्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही पाहत नाही. सुमारे ५० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. नर की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. पूर्वी ही अंडी सर्रास पळवली जात. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. जानेवारी २०२२मध्ये इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला; तिचं नाव ‘प्रथमा’.

किनारा राखला, पाण्याचं काय? रिडले शेकडो फूट खोल बुडी मारते, पण श्वासासाठी तिला वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकली की गुदमरते. पुरात वाहून आलेली प्लास्टिकची पिशवी कासवाला जेलीफिशसारखी भासते, आणि जेलीफिश हे त्याचं खाद्य. तेव्हा महाडकरांनो, पोलादपूरकरांनो, सावित्रीत निदान कचरा तरी टाकू नका.