डोळ्याचं घड्याळ कानात

गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी पुण्यातल्या म्हात्रे पुलावर अडकून बघा. खाली नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव, वर वाहनं तुंबलेली. पुढच्या स्कूटरचा पिवळा इंडिकेटर उघडझाप करतोय. खालचा ठेका त्या गतीच्या आसपास आला, की दिवा चक्क ठेक्यावर लुकलुकू लागतो! स्कूटरला ताल कळतो? छे, ती आपल्याच गतीने चाललीय. बदललंय ते आपलं बघणं.

शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव आठवा. आवाज पाध्यांच्या गळ्यातून येतो, ओठ बाहुल्याचे हलतात आणि आपण शपथेवर सांगू, की बाहुलाच बोलला. प्रश्न ‘कुठे’ असा असला की डोळा कानाला असा खुशाल गंडवतो. पण ‘केव्हा’ आणि ‘किती वेळ’ विचारा, लगेच पारडं फिरतं.

२००० साली संशोधक लदान शम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकच चमक दाखवली, सोबत दोन ‘टिक’ ऐकवले. लोकांना चमका दिसल्या दोन! कालावधीचंही तेच. क्षणभर दिसणाऱ्या ठिपक्याला त्याहून जरा लांब सूर जोडला, की ठिपका जास्त रेंगाळल्यासारखा वाटतो. उलट करून बघितलं, सुराला लांब दिवा जोडला, तर कान फारसा बधत नाही. याहून अजब म्हणजे आवाज आधीच थांबला तरी चालतं. आधी काही सेकंद टकटक ऐकवा, मग चित्र दाखवा. ते सुमारे दहा टक्के लांबल्यासारखं भासतं.

डोळा इतका भोळा का? त्याच्या पडद्यावर प्रकाश पडला की रसायनांची एक साखळीच हलावी लागते. त्यात सेकंदाचे काही शतांश जातात. कानातल्या पेशींवरचे केस नुसते कलले की झालं, संदेशाचं दार उघडलं. सेकंदाच्या काही लक्षांशांत!

सेकंदाला चोवीस चित्रं सरकवा, डोळा त्यांचा सलग सिनेमा करून टाकतो. याच भोळेपणावर १९३३ मध्ये पुण्यात आलेली ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी होती. पण सेकंदाला चोवीस टिचक्या वाजवा, कान काही त्यांचा सूर करत नाही. त्याला ताशासारखी तडतडच ऐकू येते. मग वेळेचा हिशोब मेंदू कोणाच्या घड्याळावर लावणार?

यंदा पुलावर अडकलात, तर कानांत बोटं घाला आणि तो इंडिकेटर पुन्हा बघा. हॉर्न वाजवण्यापेक्षा ते बरं.