दूध आणि कमलाबाई

वैशाखात हिंगोली-कळमनुरीकडे सकाळचे दूध तापवायला थोडा उशीर झाला, तर ते पातेल्यातच फाटते. हवेतील उष्म्याने दुधातले जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ असतो; तो ४.६ च्या आसपास उतरला की केसिन हे प्रथिन गोळा होते. दूध चुलीवर असेल तर एवढे आंबण्याचीही गरज नसते. दही लावताना हेच आपण मुद्दाम घडवतो, पण शहराला दूध पुरवणाऱ्या डेअरीला ते परवडत नाही. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी ज्यांचा सल्ला मिळाला, त्या डॉ. कमला सोहोनी.

त्या माहेरच्या भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या त्याच दुर्गाबाई. हट्ट घरातलाच म्हणायचा!

त्याची कसोटी १९३३ मध्ये लागली. वडील-काकांच्याच संस्थेत कमलाबाईंनी अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. अखेर वर्षभराच्या परीक्षेवर प्रवेश मिळाला. बरोबरच्या मुलांचे लक्ष विचलित होऊ नये, हीसुद्धा एक अट होती. नोबेल मिळवलेल्या माणसाने असे वागावे, याची सल कमलाबाईंना आयुष्यभर राहिली. वर्ष संपल्यावर मात्र रामन यांना त्यांचे काम मान्य करावे लागले. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यासली ती दूध आणि डाळींतील प्रथिने. गरिबाच्या ताटातले पोषण तिथेच होते.

पुढे केंब्रिज. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे दाखवून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि त्या परतल्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या. इथल्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले, पण बरेच उशिरा.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. ‘कीमत’ या मासिकात त्या सामान्य गृहिणीसाठी लिहीत. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.