‘स्थानिकांना प्राधान्य’ म्हणजे नेमकं काय? वाढवण बंदर, कामगारांचा आराखडा आणि आपल्या पोरांची तयारी

पालघर : मोठा प्रकल्प आला की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पुढारी म्हणतात, "स्थानिकांना प्राधान्य मिळणार." आणि दोन-तीन वर्षांनी गावातली पोरं म्हणतात, "सगळे बाहेरचेच भरले." दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. कारण या दोन वाक्यांच्या मध्ये जे काम व्हायला हवं असतं, ते बहुतेक वेळा कुणी करतच नाही. ते काम म्हणजे कामगारांचं नियोजन. कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाची, किती माणसं लागतील, ती कुठून येतील, त्यांना कधी शिकवायचं आणि कामावर आल्यावर त्यांची सोय काय, याचा आधीच केलेला हिशोब.

वाढवण बंदराच्या निमित्ताने हा हिशोब समजून घेऊ. बंदर व्हावं की नाही, यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांचा अनेक वर्षांचा विरोध आहे आणि तो विषय वेगळा व मोठा आहे. पण बाजूने असा की विरोधात, रोजगाराचं आश्वासन तपासून कसं घ्यायचं हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

प्रकल्प केवढा आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये या बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून जास्त. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाचा २६ टक्के. आराखड्यात प्रत्येकी १००० मीटर लांबीची ९ कंटेनर टर्मिनल आहेत, समुद्रात सुमारे १४४८ हेक्टर भराव आहे, १० किलोमीटरहून लांब लाटरोधक बंधारा आहे. शिवाय राष्ट्रीय महामार्गाला जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आणि रेल्वेची जोडणी.

मंजुरीच्या वेळी सरकारने सुमारे १२ लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचा आकडा सांगितला. हा आकडा नीट वाचायला हवा. ‘अप्रत्यक्ष’ मध्ये ट्रकवाले, गोदामं, हॉटेलं, दुरुस्तीची दुकानं असं सगळं येतं. हे रोजगार एकाच दिवशी, एकाच गेटवर मिळणारे नाहीत. म्हणून गावासाठी ‘किती’ पेक्षा ‘कधी आणि कोणत्या कामाचे’ हा प्रश्न जास्त कामाचा.

काम टप्प्याने चालतं, माणसंही टप्प्याने लागतात

बंदराच्या कामाचे ढोबळ चार टप्पे धरा.

पहिला : भराव, खदान, रस्ते. इथे यंत्रं जास्त आणि हात कमी. ड्रेजर, बार्ज, डंपर, पोकलेन. हवेत ते ऑपरेटर, ड्रायव्हर, मेकॅनिक, मोजणी करणारे.

दुसरा : बंधारा, धक्के, पूल. माणसांची सर्वात मोठी गरज इथे. सळई बांधणारे फिटर, सेंट्रिंगवाले, गवंडी, वेल्डर, काँक्रीट प्लांटवरचे कामगार, बिगारी.

तिसरा : क्रेन बसवणं, वीज, पाणी, यंत्रणा. इथे इलेक्ट्रिशियन, फिटर, रिगर, तंत्रज्ञ लागतात. आकडा घटतो, कौशल्य वाढतं.

चौथा : बंदर चालवणं. क्रेन ऑपरेटर, यार्डातले कर्मचारी, कागदपत्रांची कामं, देखभाल, सुरक्षा. या नोकऱ्या जास्त टिकणाऱ्या, पण संख्येने दुसऱ्या टप्प्यापेक्षा कमी.

आता मुद्द्याचं. मोठं कंत्राट घेणारी कंपनी कामाचं वेळापत्रक करते, तेव्हा सोबत महिनावार मनुष्यबळाचा तक्ताही करते. अमुक महिन्यात इतके फिटर, इतके वेल्डर, असा. तक्त्याशिवाय तिचं स्वतःचंच गणित बसत नाही. उदाहरणापुरतं धरा की, सळई बांधणारी दोघांची जोडी दिवसाला २०० किलोचं काम करते आणि महिन्यात कामाचे दिवस २५. म्हणजे एका जोडीचे महिन्याला ५ टन. ज्या महिन्यात १००० टन सळई बांधायची आहे, त्या महिन्यात २०० जोड्या, म्हणजे ४०० माणसं हवीत. कंपनीला हे आधीपासून माहीत असतं. जिल्ह्याला मात्र ते कळतं तेव्हा बाहेरून भरलेल्या गाड्या उतरत असतात.

शिकायला किती वेळ लागतो?

प्रत्येक कामाला शिकण्याचा वेळ वेगळा. आयटीआयचा वेल्डर एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. डिप्लोमा तीन वर्षांचा. सळई बांधणं किंवा सेंट्रिंगचे अभ्यासक्रम काही महिन्यांचे, पण हाताला सफाई यायला पुढे साइटवरचे महिने लागतात.

डंपर चालवायचाय? व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी वय किमान २० पूर्ण हवं आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ हवा. म्हणजे आज ज्याच्याकडे कुठलाच परवाना नाही, त्याला डंपरच्या स्टिअरिंगवर बसायला वर्षाहून जास्त वेळ लागणार. जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

उशीर जसा वाईट, तशी घाईही वाईट. क्रेन बसायला चार वर्षं असताना आजच शंभर पोरांना क्रेनचं प्रशिक्षण दिलं, तर प्रमाणपत्र घरात आणि पोरगं पुन्हा नाक्यावर. क्रेन येईपर्यंत शिकलेलं विसरलेलं असतं. प्रशिक्षणाच्या फोटोत आकडा छान दिसतो, कामावर माणूस दिसत नाही.

तारीख धरून तयारी कशी होते, याचं लंडनचं उदाहरण आहे. तिथल्या क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पाचे बोगदे २०१२ मध्ये खणायला घेतले. बोगद्याचं काम शिकवणारी संस्था इल्फर्ड भागात त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्येच सुरू झाली होती. यंत्र येण्याआधी शाळा, इतका साधा नियम.

ज्यांच्याकडे हुन्नर आहे, पण कागद नाही

आपल्या जिल्ह्यात कौशल्य नाही, असं म्हणणं चुकीचं आहे. किनाऱ्यावरचा तांडेल वारा आणि भरती-ओहोटी बघून बोट चालवतो. खलाशाला दोर, जाळी, इंजिन सगळं कळतं. वरोर-चिंचणी पट्ट्यात डायमेकिंग करणारे कारागीर आहेत, त्यांचा हात बारीक कामाला बसलेला. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वर्षानुवर्षं राबलेली आहेत. कंपनीच्या नोंदीत मात्र हे सगळे एकाच रकान्यात जातात : अकुशल.

यासाठी ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ अशी सरकारी सोय आहे. कोर्स पुन्हा पहिल्यापासून करायचा नाही. जे काम येतं त्याची परीक्षा द्यायची, थोडी उजळणी करायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. बिगारी म्हणून मिळणारी मजुरी आणि कुशल म्हणून मिळणारी मजुरी यातला फरक रोज खिशात पडतो. तालुक्यात अशी चाचणी शिबिरं लावा, ही मागणी अगदी रास्त आहे. बोटीवरच्या कामासाठी मात्र जलवाहतुकीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तांडेल-खलाशांची सोय स्वतंत्रपणेच मागावी लागेल.

दुसरा रस्ता शिकाऊ उमेदवारीचा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात, आणि या संख्येत कंत्राटी कामगारही मोजले जातात. विद्यावेतन मिळतं, शिवाय खऱ्या साइटवर हात चालतो. आयटीआय झालेल्या मुला-मुलींनी ‘नोकरी आहे का’ सोबत ‘अप्रेंटिस किती घेताय’ हेही विचारावं.

कामावर घेतलं, पुढे काय?

नियोजनाचा अर्धा भाग इथून सुरू होतो. माणूस भरती झाला आणि तीन महिन्यांत परत आला, तर त्या भरतीचा उपयोग काय?

पहिली गोष्ट राहण्या-जाण्याची. डहाणू-पालघरच्या गावांतून कंपनीच्या बसने रोज ये-जा होईल. मोखाड्यातून होणार नाही. तिथल्या माणसाला राहायची नीट जागा, पाणी, संडास आणि लेकरांसाठी पाळणाघर नसेल, तर ‘स्थानिक’ असूनही तो स्थलांतरितच होतो. आणि आई-बाप दोघं साइटवर गेले की पोरांची शाळा सुटते, हे आपण वीटभट्टीच्या हंगामात दरवर्षी बघतो.

दुसरी, उचल. मुकादमाने आगाऊ पैसे देऊन माणसं बांधून ठेवायची पद्धत. उचल फेडण्यासाठी माणसाला कामावर अडकवून ठेवणं हा १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मोठ्या प्रकल्पात ठेकेदाराखाली ठेकेदार आणि त्याखाली मुकादम अशी उतरंड असते. पगार बुडाला की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. पण ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याने काम दिलं त्याच्यावर येते. हे लक्षात ठेवा.

तिसरी, कागद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. नियुक्तिपत्र, हजेरीची नोंद, पगाराची चिठ्ठी आणि पीएफचा नंबर, या चार गोष्टी हातात असतील तर अपघात झाला किंवा पैसे अडकले तरी तुमचं म्हणणं उभं राहतं. नसतील, तर तुम्ही तिथे कामाला होतात हे सिद्ध करण्यातच वर्ष जातं.

चौथी, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं असावं. ओळखीचा व राहण्याचा पुरावा आणि ९० दिवसांचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला आणि दुर्दैवाने अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला मदतीच्या योजना आहेत. हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर यासाठी घेतला जातो. म्हणजे १०० कोटींच्या बांधकामामागे एक कोटी. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करा. ते राहून गेलं की ऐन गरजेच्या वेळी अर्ज अडकतो.

आणि पाचवी गोष्ट, काम संपल्यावरची. दुसरा टप्पा संपला की हजारो माणसं एकदम मोकळी होतात. सेंट्रिंग करणाऱ्याला त्याच वेळी देखभालीचं किंवा गोदामाचं काम शिकवलं असेल, तर तो चौथ्या टप्प्यात टिकेल. नाही तर त्याने बांधलेल्या बंदराच्या गेटबाहेर तो चहाच्या टपरीवर उभा दिसेल.

ग्रामसभेत काय विचारायचं?

डहाणू तालुका पेसा क्षेत्रात येतो. इथली ग्रामसभा ही सही-शिक्क्यापुरती नाही. पुढच्या वेळी अधिकारी किंवा कंपनीची माणसं रोजगारावर बोलायला आली, की हे प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या :

१. पुढच्या २४ महिन्यांचा, कामाच्या प्रकारानुसार मनुष्यबळाचा तक्ता कुठे आहे? तो मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर कधी लावणार?

२. ‘स्थानिक’ म्हणजे कोण? बाधित गाव, तालुका, जिल्हा की राज्य?

३. प्राधान्याची अट कंत्राटात लिहिली आहे का? खालच्या ठेकेदारालाही ती लागू आहे का?

४. प्रशिक्षण झालेल्यांपैकी कितींना काम लागलं आणि सहा महिन्यांनी किती टिकले?

५. बायकांना बिगारीपलीकडे कोणती कामं शिकवणार?

६. मजुरीची तक्रार कुणाकडे करायची, त्याचं नाव आणि नंबर काय?

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर बाकीच्यांचं अर्धं काम होतं. तक्ता हातात असेल तर आयटीआयला जागा वाढवून मागता येतात, आदिवासी विकास विभागाला प्रशिक्षणाचे वर्ग मागता येतात, आणि घरातल्या दहावी झालेल्या मुलाला वेल्डिंगला घालायचं की इलेक्ट्रिशियनला, हेही ठरवता येतं. नुसत्या ‘प्राधान्य’ या शब्दावरून यातलं काहीच ठरत नाही.

समुद्रात भराव पडायला वेळ लागतो, आणि माणूस तयार व्हायलाही लागतो. म्हणून तक्ता आत्ताच मागा.