दोन बनियनांखालची गाठ

पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटीमीटर वाढावी लागते. टेप लावायच्या आधी शर्ट-बनियन काढणं आलंच. परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळणारी, जिंतूर-सेलू-पाथरीकडून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेली पोरं सोळाशे मीटरला घाबरतात. पण त्यांच्यातल्या एखाद्याला त्याहून मोठी धास्ती असते ती बनियन काढण्याची. भर मे महिन्यात तो आत घट्ट बनियन, त्यावर दुसरं आणि वरून ढगळ शर्ट घालतो. खांदे पुढे झुकवून चालतो. मित्र विहिरीत उड्या मारतात तेव्हा काठावर बसून कपडे सांभाळतो. छाती बाईसारखी दिसते, हे तो घरी बोलत नाही, आणि मित्रांना बोलायची गरज पडत नाही. नाव ठेवून झालेलं असतं.

पुरुषाच्या स्तनातली ग्रंथी अशी वाढते तेव्हा डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. त्यात पुरुषत्व कमी पडल्याची भानगड बहुतेक वेळा नसते. आईच्या पोटात स्तनाचं बीज मुलगा-मुलगी ठरण्याच्या आधीच पडतं आणि ते पुरुषात आयुष्यभर राहतं. इस्ट्रोजेन त्याला वाढवतं, टेस्टोस्टेरॉन दाबून ठेवतं. पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेन असतंच, आणि त्यातलं बहुतेक तयार होतं ते टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांपासूनच. चरबी, यकृत, स्नायू अशा ठिकाणी अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर हा बदल घडवतं. म्हणजे प्रश्न कोणतं संप्रेरक आहे याचा नाही, दोघांच्या प्रमाणाचा आहे.

हे प्रमाण आयुष्यात तीनदा आपोआप बिघडतं. पहिली वेळ जन्मताच. आईचं इस्ट्रोजेन अंगात आल्यामुळे तान्ह्या बाळाची छाती, मग तो मुलगा असो की मुलगी, थोडी फुगते. कधी दुधासारखा थेंबही येतो. काही आठवड्यांत ते आपोआप जिरतं. पण आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई ते ‘दूध’ पिळून काढते, आणि आजी कौतुकानं बघत बसते. त्या पिळण्यातून जंतू आत शिरतात, छाती लालभडक होते, पू धरतो. मग जिथे काहीच करायची गरज नव्हती तिथे बाळाला चीर द्यायची वेळ येते. ही रीत आजच्या आज बंद व्हायला हवी.

दुसरी वेळ तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास. वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांच्या स्तनाग्राखाली कमीजास्त गाठ लागते, शर्ट घासला तरी दुखते. टेस्टोस्टेरॉन अजून पुरतं चढलेलं नसतं, इस्ट्रोजेन त्याच्या जरा पुढे धावतं. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची गाठ विरते. सतरा-अठराव्या वर्षीही ती तशीच असेल तर सहसा आपोआप जात नाही, आणि भरतीचं वय नेमकं तिथूनच सुरू होतं. तिसरी वेळ उतारवयात, टेस्टोस्टेरॉन ओसरतं आणि पोटावरची चरबी वाढते तेव्हा.

चरबीचा मुद्दा आला म्हणून सांगतो: छाती वाढलेला प्रत्येक पुरुष या दुखण्याचा नसतो. चांगला डॉक्टर आधी सोनोग्राफी लिहून देत नाही, हात लावतो. रुग्णाला उताणं झोपवून हात डोक्याखाली घ्यायला सांगतो, अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणतो. ग्रंथी असेल तर बोटांत रबरासारखी लवचीक, थोडी हलणारी चकती सापडते, बरोबर स्तनाग्राच्या खाली. नुसती चरबी असेल तर बोटं अडथळ्याशिवाय एकमेकांना भेटतात. चरबीवाल्यानं वजन उतरवावं. ग्रंथीवाल्यानं कितीही जोर-बैठका मारल्या तरी ती चकती जागची हलत नाही.

यानंतरची तपासणी मुलांना सगळ्यात नकोशी वाटते आणि म्हणून अनेकदा राहून जाते: अंडकोष बघणं. ती राहिली तर निदान अर्धवट राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे. अंडकोषाच्या काही गाठी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतात आणि त्यातून इस्ट्रोजेन वाढतं; छाती ही तिथली पहिली खूण असू शकते. गालगुंड अंडकोषांत उतरलं, कुष्ठरोगाने त्यांची हानी केली, तरी वर छाती वाढते. अंडकोष लहान आणि घट्ट असतील, मुलगा उंच असेल, तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा विचार करावा लागतो. हॅरी क्लाइनफेल्टरने १९४२ साली बॉस्टनमध्ये असे नऊ पुरुष नोंदवले. त्यांच्यासारख्यांच्या पेशींत एक्स गुणसूत्र जादा असतं, हे १९५९ साली कळलं.

डॉक्टरकडे जाताना घरातली औषधांची पिशवी तशीच उचलून न्यावी. हृदयाच्या किंवा यकृताच्या दुखण्यात दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन, मानसिक आजारातलं रिस्पेरिडोन, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातलं बायकॅलुटामाइड, केसांसाठी घेतलेलं फिनास्टेराइड, एचआयव्हीच्या उपचारातलं एफाव्हिरेंझ, अशी यादी लांबलचक आहे. गोळी बदलली की पुष्कळदा छाती उतरते; पण ती बदलायची डॉक्टरने, आपण होऊन सोडायची नाही. दारूने यकृत निकामी झालेल्या माणसाचं पोट सुटतं, हातपाय वाळतात आणि छाती वाढते, हे चित्र आपल्या वॉर्डांत काही नवं नाही.

आणि जिम. ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यामुळे छाती पिळदार व्हायच्या ऐवजी लोंबते. इंजेक्शन थांबवलं की स्वतःच्या अंडकोषांचं काम काही महिने थंड पडलेलं असतं, म्हणजे तोटा दुहेरी.

सोयाबीनवर मात्र उगाच आळ येतो. परभणीच्या खरिपात शिवारच्या शिवार सोयाबीनने भरतं, त्यामुळे हा विषय इथे जिव्हाळ्याचा. अमेरिकेतल्या साठ वर्षांच्या एका गृहस्थाची छाती वाढल्याची नोंद २००८ साली आली खरी. तो रोज तीन लिटरच्या आसपास सोयादूध पीत होता, आणि ते सोडल्यावर सुधारला. आठवड्यातून दोनदा सोयावडीची भाजी खाणाऱ्याने त्यावरून घाबरायचं कारण नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सोयामुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये किंवा इस्ट्रोजेनमध्ये फरक आढळला नाही.

उपचाराचं म्हणाल तर वयात येणाऱ्या मुलाला सहसा एकच लागतो: थांबणं, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला ‘हे निम्म्यांना होतं’ असं सांगणं. गाठ दुखत असेल, नवी असेल, तर स्तनाच्या कर्करोगात वापरलं जाणारं टॅमॉक्सिफेन काही महिने देऊन पाहतात. वर्ष उलटलं की ग्रंथीत तंतू माजतात आणि गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

मग शस्त्रक्रिया. लष्कर आणि निमलष्करी दलांच्या वैद्यकीय निकषांत गायनेकोमास्टियाचा उल्लेख आहे, म्हणून भरतीची पोरं घाईने तिच्याकडे वळतात. सर्जन आधी अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं सलाइन छातीत भरतो, म्हणजे रक्त कमी जातं. काखेजवळच्या बारीकशा छिद्रातून नळी घालून चरबी ओढून घेतो. मग स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धचंद्राकृती छेद घेऊन ग्रंथी काढतो. रंगाच्या सीमेवर असल्यामुळे व्रण झाकला जातो. सगळी ग्रंथी खरवडून काढली तर स्तनाग्र आत खचून खड्डा पडतो, म्हणून त्याखाली एक पातळ थर मुद्दाम ठेवावा लागतो. पुढे काही आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट. भरतीच्या तारखेच्या तोंडावर ऑपरेशन करून घेणाऱ्याला हे आठवडे कुणी मोजून दाखवलेले नसतात.

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसाची गोष्ट वेगळी. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कडक, स्तनाग्राच्या मधोमध नसून बाजूला असेल, स्तनाग्र आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गोळा लागत असेल तर मॅमोग्राम आणि सुईने तुकडा काढून तपासणी लगेच हवी. परभणीत नाही झाली तर नांदेडला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. आणि वय कोणतंही असो, ऑपरेशनमध्ये निघालेली ग्रंथी पॅथॉलॉजीला पाठवली का, हे विचारून तो रिपोर्ट फाइलला लावून घ्यावा.