टोपलीभर खेळणी, नो टेन्शन!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावाचं नावच मूल. त्यामुळे ‘मूलला मुलं किती?’ हा पीजे तिथे पोचण्याआधीच मारून झाला होता. मावसबहिणीच्या घरी मात्र दोन वर्षांचा भाचा आणि हॉलभर गाड्या, ठोकळे, किचन सेट. ताईला खेळण्यांसाठी झाकणाची पेटी हवी होती. मी म्हटलं, ‘ताई, टोपली घे.’

पेटी दिसते झक्कास. पण मूल वाकून खेळणं काढतं आणि जड झाकण मानेवर पडतं. लपाछपीत आत शिरलं तर गुदमरण्याची भीती. पेटी आधीच घरात असेल तर सरळ झाकण काढून टाका. उंच कपाटांचा धोका वेगळा. उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन पोरं चढतात आणि कपाट अंगावर येतं. अशा मृत्यूंनंतर २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत तब्बल २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. तुमचं भिंतीला स्क्रूने पक्कं केलंय ना?

आणि या पट्ट्यात बांबूची काय कमी! चंद्रपूरहून मूलला येताना वाटेत चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रच आहे. बुरडाकडून रुंद, बुटकी, बिनझाकणाची टोपली घ्या, म्हणजे मुलाला तळातलं खेळणंही दिसतं. काठावरून हात फिरवून बघा. कामटीचं टोक टोचलं तर दुसरी उचला. बारीक सुट्या भागांची आणि बटण सेलची खेळणी मात्र टोपलीत नकोतच. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. ती वरच्या कपाटात, कडी लावून.