चांद पाहून पाण्यात उतरा
खाडीकाठची कौटुंबिक सहल : थोडे नियोजन, थोडी हिंमत

जव्हार-मोखाड्याच्या माणसाला पाणी नवे नाही. पावसाळ्यात घराच्या कौलांपासून दाभोसाच्या सुमारे तीनशे फूट कड्यापर्यंत सगळीकडे पाणीच पाणी असते. तरीही पाण्याशी आपली खरी दोस्ती झालेली नाही. घरातले पुरुष आणि तरुण मुले धबधब्यावर जातात, आणि बायका, मुली, म्हातारी माणसे झाडाखाली सतरंजी टाकून डबे, चपला आणि मोबाइल सांभाळत बसतात. जे पाण्यात उतरतात त्यांना त्याचे भान नसते, आणि ज्यांना भान असते त्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

याची किंमत आपल्या गावाने मोजली आहे. जुलै 2020 मध्ये काळमांडवी धबधब्यावर जव्हारचेच पाच तरुण बुडाले. ते घराघरातले दुःख आठवले की अनेक आई-बाप मुलांना पाण्याकडे फिरकूच द्यायचे नाही असे ठरवतात. आम्हाला वाटते, हा उपाय अपुरा आहे. बंदी घातलेली मुले न सांगता जातात. त्यापेक्षा सगळ्या कुटुंबाने मिळून, योग्य जागी, योग्य दिवशी पाण्यावर जाणे आणि मुलांना पाण्याची रीत शिकवणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी धबधब्यापेक्षा खाडी बरी.

आपलेच पाणी, खाली खाडीत

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच आहे. इथून खाली उतरणाऱ्या पाण्याचा एक मोठा हिस्सा पिंजाळ आणि सूर्या या नद्यांतून वैतरणेला मिळतो. वैतरणा स्वतः त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मोखाड्याच्या बाजूने येते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला भेटते. तिच्या मुखाशी अर्नाळ्याचा जलदुर्ग उभा आहे. मुखाच्या आत नदी रुंद, संथ आणि खारी होते. दोन्ही काठांना चिखल, खाजणे आणि कांदळवन. हीच खाडी.

इथे तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी अशी झाडे-झुडपे दिसतात. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण त्या चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास बाहेरून घ्यावा लागतो. तिवराच्या पानाची मागची बाजू मुलांना जिभेच्या टोकाने चाखायला सांगा; झाडाने बाहेर टाकलेले मीठ त्यांना कळेल. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे खाली लोंबते. ओहोटीला निवटे चिखलावर उड्या मारतात, आणि नर खेकडे आपली एकच मोठी नांगी हलवत बसतात. शाळेच्या पुस्तकातले एक प्रकरण इथे अर्ध्या तासात समजते.

महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. ही झाडे काठ धरून ठेवतात, भरतीचा जोर कमी करतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. म्हणून फांदी तोडायची नाही, शेगडी पेटवायची नाही, आणि प्लास्टिक परत आणायचे. झाड लावणे हा सदका आहे असे आपण मुलांना शिकवतो. लावलेले झाड न तोडणेही त्याच शिकवणुकीत येते.

दादीचे कॅलेंडर

खाडीत सगळे भरती-ओहोटीवर चालते, आणि भरती-ओहोटी चांदावर. आमच्या मुस्लिम घरांत चांदाची तारीख दादी-नानींच्या तोंडावर असते. त्या तारखेचा उपयोग रोजे आणि ईदपुरताच नाही.

आम्ही जव्हारच्या काही कुटुंबांनी हिवाळ्यात वैतरणा खाडीकाठच्या एका कोळी गावी जायला सुरुवात केली. तिथल्या वयस्क नाखवांनी पहिल्याच दिवशी हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. "आज पंचमी, म्हणजे पावणेचारला पाणी भरेल." आमच्या दादी बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या, "आज चांदाची चार आहे." नाखवा हसले. "चाची, चांद तर एकच आहे ना! तुमच्या तारखेत एक मिळवा, आमची तिथी होते."

तो हिशेब असा. आपल्याकडे चांद दिसतो तो साधारण द्वितीयेच्या सुमारास. म्हणून हिजरी तारखेत एक मिळवली की तिथी जवळजवळ जुळते. चांदाच्या चौथ्या दिवशी पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची, म्हणजे चांदाच्या एकोणीसच्या सुमारास पुन्हा तीच वेळ. हा ढोबळ अंदाज आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि खाडीत आत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. म्हणून शेवटचा शब्द त्या गावच्या होडीवाल्याचा आणि छापील भरतीच्या कोष्टकाचा.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो. पाणी जोरात ओढते, आणि ओसरले की होडी चिखलात रुतते. चांदाच्या सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखांना भांगाची भरती असते; पाणी शांत. मुले-बाळे घेऊन जायचे तर उधाणाचे दिवस सोडा. चांदाची चार-पाच किंवा एकोणीस-वीस ही तारीख सोयीची. जोहरनंतर निघायचे, भरत्या पाण्याबरोबर आत जायचे, पाणी थांबले की वळायचे आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचे. येता-जाता दोन्ही वेळा वल्ह्याला पाण्याची साथ मिळते, असरची नमाज काठावर होते आणि मगरिबच्या आत सगळे गाडीत असतात. वळण्याची वेळ आधी ठरवावी, जागा नव्हे; "त्या वळणापर्यंत जाऊ" म्हणता म्हणता पाणी निघून जाते.

डबे गाडीत राहतील

त्या दिवशी होडीत बसायची वेळ आली तेव्हा दादी सवयीने म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी डबे बघते." त्यांच्या सुनेने उत्तर दिले, "अम्मी, डबे गाडीत राहतील. तुम्ही मधे बसा, भरतीचा हिशेब तुमच्याकडे आहे." दादी बसल्या. परत येईपर्यंत त्यांनी तीन वेळा वल्हे हातात घेतले.

स्त्रिया होडी चालवू शकतात का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी सुट्टीत तळकोकणात जाल तेव्हा वेंगुर्ल्याची मांडवी खाडी पाहावी. तिथे 'स्वामिनी' बचत गटाच्या मच्छीमार कुटुंबांतल्या स्त्रिया 2017 पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्या स्वतः वल्हवतात आणि झाडांची, पक्ष्यांची माहितीही देतात. ज्यांना मोटारबोट हवी त्यांच्यासाठी ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून ठाणे खाडीच्या रोहित पक्षी अभयारण्यात फेरी असते, तीही भरतीच्या वेळेनुसार. हे अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये रामसर यादीत आले.

कपड्यांमुळे अडते असे अनेक भगिनी सांगतात. अडत नाही. भिजले की जड होणारे सुती थर टाळा. लवकर सुकणाऱ्या कापडाचा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, पायजमा आणि पिनने घट्ट बसवलेला स्कार्फ पुरतो. मोकळी ओढणी किंवा पायघोळ बुरखा होडीत धोक्याचा. तो पायात आणि वल्ह्यात अडकतो. लाइफ जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वर, सगळे पट्टे लावून.

निघण्यापूर्वी

होडीत प्रत्येकाला जॅकेट, लहान मुलांना त्यांच्याच मापाचे. बांधल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा; हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. ज्याच्याकडे जॅकेट नाही त्याच्या होडीत बसू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. नाखवा "आज नको" म्हणाले तर घासाघीस न करता काठाने फिरून परत या. जून ते सप्टेंबर खाडीत उतरू नये.

चिखलात चालायला उतरू नका. चालणे बंधाऱ्यावरून आणि पायवाटेने, बंद बुटांत. कोणी रुतलेच तर पाय उपसण्याची झटापट करू नये; मागे टेकून अंगाचा भार पसरावा आणि हळूहळू एकेक पाय सोडवावा. पाण्यात पडलेल्याने उताणे तरंगावे, प्रवाहाशी भांडू नये. मदतीसाठी 112 क्रमांक, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. माणशी दोन लिटर पाणी, वुजूसाठी एक वेगळी बाटली, दादा-दादींची औषधे आणि एक कोरडा कपड्यांचा जोड.

चालण्याचा सराव मात्र घरीच होतो. महिनाभर रोज सकाळी हनुमान पॉइंटपर्यंत किंवा जयसागरच्या बाजूला घरातल्या सगळ्यांनी मिळून चाला. ज्या आजीला पहिल्या आठवड्यात दम लागतो ती चौथ्या आठवड्यात बंधाऱ्यावरून दोन किलोमीटर सहज जाते.

पुढचा चांद दिसेल तेव्हा मुलांना अंगणात घेऊन जा. दुआ झाली की त्यांनाच विचारा : आजपासून चौथ्या दिवशी खाडीत भरती किती वाजता? उत्तर बरोबर आले तर कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करा, आणि घरातल्या बायकांची नावे होडीच्या यादीत सगळ्यात आधी लिहा.