हुकूम कोणाचा, हे वायरला ठाऊक असतं

विजेवर चालणाऱ्या गिअरना वायर बरी की वायरलेस, या सायकलपटूंच्या वादामुळे मी या विषयाकडे वळलो आणि अडकलो तो चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरपाशी. शर्यतीच्या सायकलवर शेजारच्या दोन गिअरचक्रांत चार मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर असतं. ब्रेकच्या मुठीवरची कळ दाबली की इवलीशी मोटर फिरते, डिरेलर तेवढाच सरकतो आणि चेन नेमक्या चक्रावर चढते. जुनी केबल ताणली जायची, गंजायची, मग गिअर अडखळायचे. मोटर मात्र पावसाचिखलातही दर वेळी त्याच जागी थांबते. हे बघताना खरोखर भान हरपतं.

'माविक' या फ्रेंच कंपनीनं 1992 मध्ये 'झॅप' हा विजेवर चालणारा गिअर-संच आणला, 1999 मध्ये चक्क वायरलेस 'मेक्ट्रोनिक'. दोन्ही टिकले नाहीत. जपानच्या शिमानोनं 2009 मध्ये वायरवाला 'डीआयटू' आणला आणि शर्यतींचं जग पालटलं. अमेरिकेच्या स्रॅमनं 2015 मध्ये सगळ्या वायरी काढून टाकल्या. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिरेलरवर स्वतंत्र, पण सारख्याच बॅटऱ्या. वाटेत मागची संपली तर पुढची काढून तिथे लावायची. पोकळ फ्रेममधून वायर ओवत बसण्यातून मेकॅनिकही सुटला.

शिमानोनं 2021 मध्ये मधली वाट धरली: मुठी वायरलेस, पण दोन्ही डिरेलर सीटपोस्टमधल्या एकाच बॅटरीला वायरनं जोडलेले. अनेकांना ती अर्धवट वाटली, मला शहाणपणाची वाटते. जिथे वीज जास्त लागते तिथे वायर, जिथे फक्त निरोप पोचवायचा तिथे रेडिओ.

पण तो निरोपच 2024 मध्ये चोरता आला. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी शिमानोच्या मुठीचा संदेश टिपला आणि दहा मीटरपर्यंतच्या अंतरावरून तोच पुन्हा पाठवला. गिअर बदलला. कूटभाषा फोडायची गरजच पडली नाही, कारण हुकूम ताजा आहे की शिळा, हे डिरेलर तपासत नव्हता. वायरच्या दुसऱ्या टोकाला आपलीच मूठ असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे कधी उठलाच नव्हता. चढावर उभं राहून जोर लावणाऱ्याचा गिअर अचानक बदलला तर तो थेट रस्त्यावर आपटू शकतो.

संशोधकांच्या मदतीनं शिमानोनं दुरुस्ती काढली. ती आधी व्यावसायिक संघांना मिळाली, मग सर्वांना. मात्र ती सायकलमध्ये उतरवायची तर मोबाइलवरचं अ‍ॅप उघडावं लागतं. संघांकडे त्यासाठी मेकॅनिक आहेत. जुनी सायकल विकत घेऊन रविवारी फिरायला निघणाऱ्याला हे कोण सांगणार?